मोगरी हातात देताना

॥ श्री ॥
ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. वन्स यांस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर ठीक नाही. फोनवर बोलले असते, पण फोन बाहेरच्या खोलीत आणि तुमचे दादा दिवसभर त्याच्या शेजारी पेपर उघडून बसलेले. त्यांच्या कानावर जाईल ही भीती नाही. त्यांच्या कानावर काही जातच नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

परवा ते स्वयंपाकघराच्या दारात बसले होते आणि कुकरनं घर डोक्यावर घेतलं होतं. ह्यांचं लक्ष क्रिकेटच्या बातमीत. मला शंका आली म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन पितळेचं झाकण मुद्दाम फरशीवर टाकलं. शेजारचं मांजर कुंपण ओलांडून पळालं. ह्यांनी पान उलटलं. उजवीकडून हाक मारली की ओ देतात, तीही मी जरा चढ्या आवाजात मारली तर. कारखान्यात लेथ मशिनच्या गोंगाटात हयात गेली, त्याचंच हे फळ असणार. आजवर मी समजत होते की संसाराला कंटाळून ऐकलं न ऐकल्यासारखं करतात. सगळ्याच बायका असं समजतात, नाही का?

वन्स, रथ महिन्यावर आला आहे आणि उजव्या चाकाची मोगरी ह्यांच्याच हातात आहे. चालत्या चाकाखाली मोगरी घालणाऱ्याचं सगळं काम कानावर चालतं, हे त्या घरच्या लेकीला मी काय सांगायचं. खाली वाकल्यावर त्याला दिसतं ते फक्त आपलं चाक. डाव्या चाकावरच्या सुतारमामांची हाक आली की दोघांनी एकदम मोगरी सरकवायची. एक जरी मागे राहिली तर रथ एका अंगाला फिरतो, आणि त्या अंगाला माणसं असतात. आणि सगळ्यांत आधी मोगरीवाला असतो.

डॉक्टरांचं नाव काढलं तर मला काय म्हातारा समजतेस म्हणाले. मला काही सुचत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, सुचवा. तुमच्या यजमानांना नमस्कार आणि ठोंब्याला गोड पापा, तो कितीही घोडा झाला असला तरी.

तुमची,
वहिनी


॥ श्री ॥
ता. १५ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. झाकणाचा प्रयोग वाचून आधी पोट धरून हसले आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं.

तुला एक गंमत सांगते. शाळेत आमच्या सिस्टरनी एकदा आपापल्या गावच्या उत्सवावर निबंध लिहायला सांगितला होता. मी रथाबद्दल लिहिलं. देवळाच्या कळसाला लागेल एवढा उंच, चाकं बाबांच्या डोक्याहून मोठी, दोर ओढायला सगळं गाव. सिस्टरनी मला टेबलापाशी बोलावून विचारलं की एवढा मोठा रथ थांबतो कसा, त्याला ब्रेक कुठे असतो. मी म्हटलं, ब्रेक नसतो, माझे बाबा असतात. त्यांच्या हातात दांडा बसवलेली लाकडाची पाचर असते, तिला मोगरी म्हणतात, ती ते चालत्या चाकाखाली घालतात.  सिस्टरनी गळ्यातला क्रॉस हातात धरला आणि मला जागेवर जायला सांगितलं. त्या घाबरल्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मला तेव्हा नुसता अभिमान वाटला होता. तशी छाती काढून मी पुन्हा कधी चालले नाही.

त्याच्या पुढच्याच उत्सवात बाबांना दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. पायाची दोन बोटं चाकाखाली राहिली होती. आई रडली नाही, तिनं पाणी गरम करायला ठेवलं. दादा तेव्हा सोळा-सतराचा. बाबांच्या पायाला फडकं बांधायच्या आधी त्यानं जाऊन मोगरी उचलली आणि रथ देवळापर्यंत नेला. हे सगळं तू लग्न होऊन येण्याआधीचं.

तर दादाला आता घरी बसवायला हवं. तुझं ऐकत नसेल तर माझं ऐकेल, असं लिहिणार होते, पण ऐकण्याचाच प्रश्न आहे. आमचा ठोंब्या यंदा रजा काढून उत्सवाला येईल. तो बंदरावर क्रेन चालवतो, अवजड वस्तूंशी कसं वागायचं ते त्याला कळतं. मामाच्या आसपास राहील.

जिवाला फार लावून घेऊ नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
वन्स


॥ श्री ॥
ता. २४ फेब्रुवारी

चि. सौ. वन्स यांस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमच्या पत्रानं धीर आला होता. पण काल सुतारमामांकडे गेले आणि तो धीर तिथेच ठेवून आले.

ते रंधा मारत होते. मी आडून आडून विचारलं, तर रंधा न थांबवता म्हणाले की वहिनी, दोन वर्षं झाली. गेल्या दोन्ही रथांना त्यांनी तुमच्या दादांच्या मनगटाला दोरी बांधली होती आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. हाक मारायची वेळ आली की झटका द्यायचा. आठवतं, मी तुम्हाला लिहिलं होतं की हल्ली मोगरीवाले लाल दोरी बांधतात, फार छान दिसते? लोकांना वाटलं ही जुनीच रीत आहे, मध्यंतरी बंद पडली असेल. बायका त्या दोरीला हात लावून नमस्कार करायला लागल्या. गेल्या वर्षी एकीनं तर तिचा तुकडा मागून नेला आणि नातवाच्या दंडाला बांधला. मीही हात लावला होता, वन्स. माझा नवरा बहिरा आहे हे लपवणाऱ्या दोरीच्या मी पाया पडले.

मी विचारलं, एकजण चाकाखाली गेला तर? तेव्हा कुठे रंधा थांबला. म्हणाले, मग दुसराही जाईल, आणि ते दोघांनी बोलून ठेवलं आहे. माझ्याशी कुणी बोललं नाही. त्यांच्या बायकोशीही नाही. ती मला चहा द्यायला आली होती, तो न देताच आत गेली.

घरी येऊन ह्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले की रथ कानानं नाही, पायानं कळतो, जमिनीत कळतो. पुढे बोलायचं नाही असं त्यांनी सांगितलं नाही, पण उठून गेले.

आता माझ्या मनात एक भलतंच येतं आहे. मोगरी घरातून बाहेर पडते ती घरच्या बाईच्या हातून. सासूबाईंच्या मागे हे माझ्याकडे आलं. उंबऱ्यात उभं राहायचं, मोगरी हातात द्यायची आणि म्हणायचं, सांभाळून आण. त्यांनी म्हणायचं, आणतो. तेवढं झाल्याशिवाय रथाचा दोर कुणी उचलत नाही. मी दिलीच नाही तर? पण देव रथात बसलेला, सगळं गाव दारात, आणि बाई आडवी आली म्हणून रथ अडला, हे मी कसं करू? करू का?

लवकर उत्तर द्या.

तुमची,
वहिनी


ता. १ मार्च

ती. सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. देऊ नकोस.

दुसरं काही लिहायला हात वळत नाही. गाव बोलेल, महिनाभर बोलेल, मग विसरेल. मी बाबांना फळीवर पाहिलं आहे. तू पाहू नकोस. देऊ नकोस.

हे पत्र घेऊन ठोंब्याच येतो आहे. त्याला सगळं सांगितलं आहे. रथ हलला की मामाचा सदरा मुठीत धरून राहायचं, अशी त्याला माझी ताकीद आहे. तो हसला. दहा टनांचा माल उचलतो, मामा काय जड आहे, म्हणाला. त्याला जेवायला भरपूर वाढ, विचारत बसू नकोस, नको म्हणायची त्याला खोटी सवय आहे.

तुझी,
वन्स


॥ श्री ॥
ता. १२ मार्च

चि. सौ. वन्स यांस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर ठोंब्यानं तुम्हाला सगळे सुखरूप असल्याचं कळवलं आहे. ते खरं आहे. बाकीचं मी लिहिते, कारण त्याच्या उजव्या हाताला पट्टी आहे. घाबरू नका, शेवटपर्यंत वाचा.

मी ठरवलं होतं. न्हाऊन, मोगरीला हळद लावून उंबऱ्यात उभी राहिले, तेव्हाही देणार नाही हेच मनात होतं. अंगणात ढोल, भिंतीवर पोरं, दाराशी पुजारी. हे समोर आले. ढोल थांबले. आणि माझं सगळं अवसान गेलं. एवढ्या माणसांसमोर मला नाही म्हणवेना. मी मोगरी पुढे केली. सांभाळून आण म्हणायला तोंड उघडलं, तर घशातून आवाजच निघाला नाही. नुसती उभी राहिले, उघड्या तोंडानं.

हे म्हणाले, आणतो.

अगदी ठणठणीत, दरवर्षीसारखं. मी काही बोललेच नव्हते, वन्स, आणि हे मला उत्तर देऊन मोकळे झाले.  भिंतीवरचं एक पोर फिसकन हसलं, त्याला कुणीतरी चापट मारली. पुजाऱ्यांनी सुतारमामांकडे पाहिलं. सुतारमामांनी खाली मान घातली आणि मनगटाची दोरी सोडायला लागले. ह्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं, शेवटी माझं. मग अगदी हळू विचारलं की तू म्हणाली होतीस ना? मी नाही अशी मान हलवली. दुसरं काय करणार?

मोगरी हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. बाहेर पडलेली मोगरी रथ पोचल्याशिवाय परत घरात न्यायची नाही, आणि पुढेही जाता येईना. विश्वस्तांचं कुजबुजणं सुरू झालं. एक म्हणाले ट्रॅक्टर लावू. पुजारी म्हणाले देव बसला आहे, आता त्याला ताटकळत ठेवता येणार नाही.

मग ह्यांनी ठोंब्याला जवळ बोलावलं. तो ह्यांचा सदरा धरायला मागेच उभा होता. त्याला विचारलं, कमरेत वाकता येतं का? तो येतं म्हणाला. तेव्हा मी ओरडायला हवं होतं, हा माझ्या नणंदेचा एकुलता एक आहे म्हणून. माझा आवाज दुसऱ्यांदा निघाला नाही. ह्यांनी मोगरी माझ्या हातात परत दिली आणि त्याला दे म्हणाले. मी दिली. मला तुमचं पत्र दिसत होतं, देऊ नकोस लिहिलेलं, आणि मी दिली. आणि या खेपेला शब्द आले. सांभाळून आण. त्याला उत्तर माहीत नव्हतं. ह्यांनी ते त्याला सांगितलं.

दार लावून मी आत गेले, नेहमीसारखी. मोगरी देणाऱ्या बाईनं रथ बघायचा नसतो. पुढचं सुतारमामांनी सांगितलं ते लिहिते. हे त्याच्या मागे वाकून चालले, त्याच्या पाठीवर हात ठेवून. घालायची वेळ आली की पाठीत दाबायचे. वळणं नीट झाली. पण पेठेच्या उतारावर सुतारमामांची हाक आली आणि ठोंब्या हाकेकडे वळून बघायला गेला. तेवढाच उशीर झाला. रथाची शेपूट फिरली, मोगरीचा दांडा उसळून त्याच्या हातावर बसला. ह्यांनी त्याच्या हातावर हात ठेवून मोगरी तशीच आत रेटली. रथ एका ओट्याला घासून थांबला. ओट्यावरच्या लोकांना काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, दोन नखं जातील, ती परत येतात.

हे परवा स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. पण घरात माझ्याशी कमी बोलतात. ठोंब्याशी बोलतात. दोघं अंगणात बसून जमिनीवर काठीनं चाकं काढत असतात.

तुमच्यासमोर उभी राहायची मला हिंमत नाही. तरी आपली म्हणा.

तुमची,
वहिनी


ता. २६ मार्च

ती. सौ. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि. तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. त्यांत जे होतं ते तुला कळलंच असेल. तू माझ्या जागी असतीस तर तूही तेच लिहिलं असतंस आणि फाडलं असतंस, म्हणून हे तिसरं.

ठोंब्या घरी आला. नखं काळी पडली आहेत. जेवताना डाव्या हातानं जेवतो आणि मी बघते आहे असं दिसलं की उजवा हात टेबलाखाली घेतो. मी त्याला एकच म्हटलं की पुन्हा नाही.  त्याच्या वडिलांनीही सांगून पाहिलं. मग तो भांडी विसळायला माझ्या मदतीला आला आणि म्हणाला की आई, मी वळून पाहिलं ते चुकलं, वळून पाहायचं नसतं. एवढंच. क्रेनवरची एखादी चूक सांगावी तसं. मला वाटलं होतं तो घाबरला असेल. मी वाट बघते आहे की तो घाबरेल. वहिनी, तो घाबरत नाही गं.

त्याला अडवायचं तर मी अडवू शकते. मी रडले, उपाशी राहिले तर तो येणार नाही, तेवढा तो माझा आहे. पण मग त्या चाकाशी पुन्हा दादा जाईल, कानात यंत्र घालून, आणि तू मला कळवणारही नाहीस. या दोघांतलं एक मला निवडायचं आहे. आईनं कधी निवडलं, तू कधी निवडलंस, हे मी कधी विचारलं नाही.

मी लहानपणापासून रथ गच्चीवरून पाहिला. माहेरपणाला आले की सगळ्यांत पुढची जागा माझी. तुला हाका मारायची, ये ना वर, काय करतेस खाली एकटी, आणि तू यायची नाहीस. मला वाटायचं हिला हौस नाही. तुझं पत्र वाचून समजलं की लग्न झाल्यापासून तू रथ चालताना पाहिलाच नाहीस. आईनंही पाहिला नसेल.

पुढच्या वर्षी मी येईन. ठोंब्याला मोगरी त्याच्या आईच्या हातून मिळेल, तुझ्या नाही. तो भार मी तुझ्यावर पुन्हा टाकणार नाही. मला ते दोन शब्द म्हणता येतील की नाही, ठाऊक नाही.  सिस्टरनी गिरवून घेतलेलं अक्षर बघ कसं झालं आहे.

तोवर मला एवढं सविस्तर लिहून कळव. दार लावून घेतल्यावर, ढोल लांब जातात तेव्हापासून कुणीतरी येऊन कडी वाजवेपर्यंत, तू आत काय करतेस? कुठल्या खोलीत बसतेस? कामाला हात लावतेस का? काही वगळू नकोस. मला ते आत्तापासून शिकायला हवं.

दादाला नमस्कार सांग, उजव्या बाजूनं. आणि मी रागावले होते तेवढीच तुझी आहे, हे लक्षात असू दे.

तुझी,
वन्स