उलटं धावणारं इंजिन

ताई,

टेबलावरच्या छोट्या इंजिनाला हात लावू नकोस. काल मी त्याची मोटर उघडून साफ केली, चाकांना थेंबभर तेल दिलं, तर पठ्ठ्या रुळावर ठेवताच उलटा पळत सुटला. त्याच्या वेगाने भिंतीवरचं घड्याळसुद्धा दोन तास मागे गेलं, म्हणूनच मला जेवायला उशीर झाला. तुझ्या नातीला मी सांगितलंय, की इंजिन संस्कारी आहे, वडीलधाऱ्यांना पाठ दाखवत नाही.

तू मात्र दारातूनच, चष्मा न लावता म्हणालीस, "अरे गाढवा, लाल तार काळीच्या जागी जोडलीयस!" मी दिव्याच्या मंद उजेडावर ढकललं. दिवा बिचारा ठणठणीत आहे. मलाच दोन्ही तारा सारख्या दिसतात, आणि हे मी वर्षभर तुझ्यापासून लपवलंय.

म्हणून आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चाललोय. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनची तारीख घेऊनच येतो. या वेळी अर्ध्या रस्त्यातून परत फिरणार नाही, तुझी शपथ.

तारा मात्र तू बदलू नकोस. लाल कुठली, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

तुझा धाकटा गाढव