धावती अंगाई

३ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

रेडिओवाल्यापाशी तू बडबडलास आणि इथे माझ्या तोंडचं पाणी पळालं. रविवारी तो माझी अंगाई लावणार आणि गाण्यामागची गोष्ट म्हणून सांगणार, की रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणारीची तान्ही लेक तापाने दवाखान्यात होती. अरे, लेकीला मी हे कधीच सांगितलेलं नाही! आपल्याला तशा तापात सोडून आई गायला गेली, हे तिने रेडिओवर ऐकायचं? तेही आत्ता, दिवस भरत आलेत, रक्तदाब वाढलाय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय तेव्हा? तिने कायमचा अबोला धरला तर मी काय करू? तुझ्या तोंडात कधी तीळ भिजेल तर शपथ.

रागावले आहे, तरी लोभ आहेच.
अक्का

५ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बोलणी पोचली. पण मी अर्धवट काही सांगितलेलं नाही. अंगाई असून इतकी जलद, काय ही संगीतकाराची कल्पना, असं जाणकार लिहीत आले. कसली कल्पना! तालमीत चाल संथच होती. तारीख हलेना, म्हणून भावजींना दवाखान्यात बसवून तू आलीस, पांढरीफटक. तेव्हा सगळं एकत्रच वाजायचं, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तू दाराकडे बघत गायला लागलीस. मी तबल्यावर लय जरा वाढवली, व्हायोलिनवाले मागोमाग आले, संगीतकारांनी हातानेच आणखी पुढे रेटलं. कुणी काही ठरवलं नव्हतं. संपल्यावर तू चपला न घालताच पळालीस.

हे सगळं त्याला सांगितलंय. त्याने नेमकं तेवढंच कापलं तर, या धास्तीने मलाही घास उतरत नाही. भाचीला तू आधी लिही ना!

बोलणी चालू ठेव, लोभही.
भाऊ

९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

रेडिओ ऐकला. तुझ्यावर चिडले आहे. हे मला परक्या माणसाकडून कळावं? मामाचं त्याने काही कापलं नाही. मग रेकॉर्ड लागली. जन्मभर ऐकतेय, पण शेवटच्या कडव्यात तू शब्द गिळतेस ती मला तुझी गायकीच वाटायची. तू माझ्याकडे निघाली होतीस गं. मी इतकी रडले, की घरच्यांची धांदल उडाली.

पुढच्या सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचंय. मला फार भीती वाटतेय, अजून कुणाला बोलले नाही. गाणं-बिणं काही नको, नुसती शेजारी बसून राहा.

लोभ असावाच, पण आधी तू यावीस.
तुझी लेक