सुनेच्या सहीची खोकी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा वाईन करणे आणि ती गिऱ्हाइकांना घरपोच पाठवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत हा शब्द माझ्या मुलाने दोनदा वाचावा. "म्हातारीला भ्रम झाला होता," असे तो कोर्टात म्हणणार, हे मला आजच ऐकू येते आहे.

१. वाईनरी, पिंपे, बाटल्या भरायचे यंत्र आणि व्हॅन, सगळे माझ्या सुनेला. मुलाला काही नाही.

२. घरपोच पाठवण्याचा परवाना माझ्या नावावर आहे आणि तो माझ्याबरोबर संपतो. वारसाने तीस दिवसांत अर्ज केला नाही तर एकही खोके बाहेर पडणार नाही. अर्ज मी भरून ठेवला आहे. सुनेने फक्त सही करावी. डाव्या हाताची चालते, मी कचेरीत विचारून आले.

३. उजव्या हाताचे कारण. नियमाने एका गिऱ्हाइकाला महिन्याला बाराच बाटल्या पाठवता येतात. मुलगाही माझा गिऱ्हाईकच. त्याला त्या पुरेनात, म्हणून त्याने बायकोच्या नावाने आणखी बारांची नोंद केली. मी कानाडोळा केला. पण ज्याचे नाव, त्यानेच दारात ओळखपत्र दाखवून सही करायची असते. म्हणून दर महिन्याला तो तिला मानगूट धरून दारात आणी. आमचा डिलिव्हरीवाला मला म्हणाला होता, "बाई, तिच्या तोंडावर वळ असतात. तिकडं माल नका पाठवू." मी म्हणाले, "सही मिळते ना? मग आपलं काय जातं?"

चौथ्या महिन्यात तिने सही करायला नकार दिला. त्याने तिचे उजवे मनगट दाराच्या फटीत धरले आणि दार लाथेने लावले. हाड तीन ठिकाणी मोडले. माझ्या त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

४. मुलगा जिन्यावरून पडला असे आम्ही सगळ्यांना सांगितले, ते खोटे आहे. दुसऱ्या दिवशी तो पिंपांच्या खोलीत येऊन "माझं खोकं कुठंय?" असे ओरडू लागला, तेव्हा बूच ठोकायचा लाकडी हातोडा मी त्याच्या गुडघ्यावर घातला. पहिला घाव रागाने, दुसरा विचार करून. तो "आई, आई" करत होता. पोटचा गोळा आहे, मला रडू फुटले, तरी मी तिसरा घातला.

५. व्हॅन डिलिव्हरीवाल्याला द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. त्याने व्हॅनवर पाणी सोडले आणि साक्षीला उभा राहिला.

६. दावा लावण्याआधी मुलाने हे वाचावे. आज सकाळी मी पोलीस ठाण्यात दोन गुन्हे सांगितले: मनगटाचा त्याचा, गुडघ्याचा माझा. निघण्याआधी सुनेला विचारले होते. ती म्हणाली, "आई, थांबा, मी पण येते." तिने स्वतःचा जबाब स्वतः दिला. डॉक्टर मला फार तर दोन महिने देतात. माझ्यावरचा खटला माझ्याबरोबर मिटेल. त्याच्यावरचा चालेल.

ठिकाण: वाईनरीचे ऑफिस
दिनांक: तेवीस मार्च
लिहून देणार: (सही)

साक्षीदार:
१. डिलिव्हरीवाला (सही)
२. हाडांचे डॉक्टर, दोघांचीही हाडे यांनीच बसवली (सही)