हनुवटीवरचे तीन, फार तर सात

१२ ऑगस्ट १९७३, रविवार
हनुवटीवर तीन केस. चष्मा लावून पाहिले. चष्मा काढला तर एकही नाही. म्हणजे मूळ प्रश्न चष्म्याचा आहे. तरी नोंद करून ठेवते: डावीकडे दोन, उजवीकडे एक, काळे, जाड. माझं वय सत्तेचाळीस. एकोणीस वर्षं मुलींना गृहशास्त्र शिकवते, डाग काढण्याचा धडा तर माझ्या हातचा मळ. तीन केसांचं काय एवढं!
नऊ सप्टेंबरला आमच्या शोभाला पाहायला भिवापूरची माणसं यायची आहेत. घरचा मिरचीचा व्यापार, मुलगा इंजिनिअर. हातात चार आठवडे. संकल्प: शास्त्रीय पद्धतीने विचार करून एकच उत्तम उपाय निवडायचा. घाई करायची नाही. कुणाला कळू द्यायचं नाही.
प्रयागआत्याची आठवण वगैरे आलेली नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मुख्याध्यापिका बोलताना सारखं माझ्या डोळ्यांच्या खाली बघत होत्या. साडी आवडली असावी.
प्रयागआत्या म्हणजे वडिलांची बहीण. तिला दाढी यायची. लग्नानंतर दोन महिन्यांत नवऱ्याने माहेरी काटोलला परत आणून सोडली, ती जन्मभर तिथेच राहिली. गेल्या वर्षी आषाढात वारली. हे फक्त नोंदीसाठी.
लहानपणी तिचे केस मी काढायची. दुपारी मागच्या दारात ती हनुवटी वर करून बसायची, मी बोटांना चुलीतली राख लावून एकेक उपटायची. हळू वं पिरमिले, म्हणायची. प्रेमिला म्हणणं तिला कधी जमलं नाही. हेही नोंदीसाठीच.
आज दुपारी आरशात माझ्या मागे कुणीतरी हनुवटी वर करून बसलेलं दिसलं. वळून पाहिलं तर गाद्यांची चवड. चष्म्याचा नवीन नंबर काढायला हवा.

२१ ऑगस्ट
विचार पूर्ण. ब्लेड बाद, कारण ब्लेडने केस राठ होतात. केस काढायचं क्रीम पक्कं. आधुनिक, स्वच्छ, पाच मिनिटांचं काम. दुकानदाराला सांगितलं, शाळेत मुलींना दाखवायला हवंय. त्याने विचारलं, किती मुली? तोंडातून चाळीस निघून गेलं. मोठी बाटली घ्यावी लागली.

२२ ऑगस्ट
पाच मिनिटं लिहिली होती. खात्री म्हणून वीस ठेवलं. केस गेले नाहीत, कातडी गेली. शाळेत सांगितलं, फोडणी उडाली. गृहशास्त्राच्या बाईवर फोडणी उडाली हे कुणाला खरं वाटलेलं दिसलं नाही.

२९ ऑगस्ट, बुधवार
देशी ते देशी. हळद, बेसन, साय. रोज लावून उलट्या दिशेने चोळायचं. पाचवा दिवस. केस तिथेच, चेहरा मात्र पिवळाजर्द, साबणाने धुऊनही जाईना.
आज नेमकी मारबत. गावाबाहेर नेऊन जाळतात त्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला निघालो तर हे म्हणाले, तू काहून येऊन राहिली, लोक पिवळी मारबत समजून तुलेच उचलून नेतील. शोभा पदरात हसली. मी घरीच थांबले. दुरून पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं, इडा पीडा घेऊन जा गे मारबत. दार लावून मीही एकदा म्हटलं. माझा विश्वास नाही अशा गोष्टींवर. म्हणून पाहिलं नुसतं.
घरात गॅस येऊन तीन वर्षं झाली. दुपारभर राखेचा वास येत होता. शेजारी कुणी पालापाचोळा जाळला असेल. शेजारी विचारलं, कुणी जाळला नव्हता.

३ सप्टेंबर, सोमवार
अखेर योग्य पद्धत सापडली. धरमपेठेत एक ब्यूटी पार्लर निघालंय, तिथे दोऱ्याने केस काढतात. दोरा म्हणजे यंत्रशास्त्र, मला पटलं. तिथली मुलगी दोऱ्याचं एक टोक दातात धरून म्हणाली, आंटी, ये तो बहुत हैं. मी म्हटलं, तीन. ती मोठ्याने मोजायला लागली. सातनंतर मीच थांबवलं.
मान मागे टाकली, डोळे मिटले. डावी बाजू झाली. आणि कानाशी अगदी स्पष्ट, हळू वं पिरमिले.
ती मुलगी हिंदी बोलणारी. तिच्या तोंडात दोरा.
मी खुर्चीवरून उठले, पर्स घेतली आणि सरळ रस्त्यावर आले. डावी बाजू स्वच्छ, उजवी जशीच्या तशी. बसमध्ये उजवी बाजू खिडकीला लावून सक्करदऱ्यापर्यंत आले. कंडक्टरला तिकिटाचे पैसे दोनदा दिले. दुपारी जेवले नव्हते, दुसरं काही नाही.

८ सप्टेंबर, शनिवार
ब्लेडबद्दल लोकांचे गैरसमज फार आहेत. ह्यांच्या रेझरने एकदाच, अलगद. काम फत्ते. इतकी सोपी गोष्ट आणि मी महिनाभर वेळ घालवला!
आरशात बघितलं नाही. गरज वाटली नाही.

९ सप्टेंबर, रविवार
सकाळी दाढी करताना ह्यांचा गाल कापला. ब्लेड कालच नवीन घातलं होतं म्हणून हे कंपनीला कडक पत्र लिहायला बसले. मी शुद्धलेखन तपासून दिलं.
अकराला पाहुणे आले. मी खिडकीकडे पाठ करून बसले, पदर हनुवटीपर्यंत. मुलाची आई रंभाबाई, धिप्पाड, बोलायला मोकळी. माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. शोभाने पोहे ठेवले तशी त्यांनी तिला जवळ बसवलं, कुंकू लावलं, मग हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि बोट हनुवटीखालून हळूहळू नेलं. कौतुक करायला असं कुणी धरत नाही.
मग मला म्हणाल्या, प्रेमिलाताई, राग नका मानू, पण तुमच्या काटोलले कोण्या आत्याले दाढी होती म्हणतात, खरं हाय काय?
हे माझ्याकडे बघत होते. शोभा जमिनीकडे.
मी म्हटलं, असेल कुणी. गावातली. आमची नव्हे.
रंभाबाई म्हणाल्या, तेच म्हटलं, लोकं काहीबी सांगतात.

१० सप्टेंबर
निरोप आला. मुलगी पसंत. पितृपक्ष संपला की साखरपुडा. मी वेळेवर योग्य तेच बोलले, हे ह्यांनीही मान्य केलं. निदान नाही तरी म्हणाले नाहीत.
आमची नव्हे, असं मी म्हटलं. मला आत्याने मांडीवर खेळवलं होतं.

१९ सप्टेंबर
केस परत आले. राठ. हाताला लागतात. मोजणी बंद केली आहे, मोजणीने मनावर ताण येतो. आरशावर टॉवेल टाकला, तर हे म्हणाले, आता आम्ही भांग कुठं पाडावा?

२६ सप्टेंबर, बुधवार. सर्वपित्री अमावास्या
पहाटेपासून स्वयंपाक. वडे, खीर, कढी, आळूची भाजी. बारा वाजता शोभा आणि मी पान घेऊन गच्चीवर गेलो. समोरच्या लिंबावर सात-आठ कावळे. एकही येईना. पाऊण तास झाला. हे खालून ओरडले, आम्हाले जेवू द्याल की नाही आज?
आता लिहितेच. गेल्या वर्षी काटोलला आत्याच्या दहाव्यालाही असंच झालं होतं. पिंडाला कावळा शिवेना. माझ्या भावाने, गणपतभाऊने हात जोडून सगळं कबूल केलं, तुझी गाय विकणार नाही, तुझी दोन संत्र्याची झाडं तोडणार नाही. कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा करून शिववला. मी बायांमध्ये मागे उभी होते. तिला काय हवं होतं ते मला एकटीला माहीत होतं. माझं लग्न झालं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, महिन्यातून एकदा येत जाजो वं, माह्यं दुसरं कोण करते. मी वर्षात तीनदा गेले. मग दिवाळीला. मग ते पण नाही. काटोल दोन तासांवर. तिला आंघोळ घालणाऱ्या बाया सांगत होत्या, दाढी गळ्यापर्यंत आली होती. त्या दिवशी इतक्या पुरुषांसमोर कसं बोलायचं, म्हणून गप्प बसले. घरी येऊन म्हटलं, कावळ्यांना भूक नसेल.
आज गच्चीवर मोठ्याने बोलले. म्हटलं, आत्या, चुकलं माझं. तू आमचीच. ये, बस, काढून देते.
मागे शोभा उभी आहे हे विसरलेच होते. ती जवळ आली. मग म्हणाली, आई, माझापण एक काढून दे ना. खालचा मले दिसत नाही.
तिच्या हातात कॉलेजच्या झूऑलॉजीच्या डब्यातला चिमटा होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून स्वतःच काढते म्हणे. पाहुणे आले त्या दिवशी चार वाजता उठून काढले होते. मी विचारलं, मला सांगितलं काहून नाही? ती म्हणाली, तू कुठं मले सांगितलं?
मग तिने विचारलं, मलेपण दोन महिन्यांत परत आणून सोडतील का गं?
मी वर्गात बोलते तशा आवाजात सांगितलं, छे, काहीतरीच काय. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, हनुवटी वर कर.
गच्चीच्या कठड्याला टेकून बसवलं, चष्मा लावला. उन्हात सगळं स्वच्छ दिसत होतं. एक म्हणाली होती. मी मोजले नाहीत. कावळा आला की नाही, तेही बघायचं राहून गेलं.