उष्टावणाआधी

लातूर, सोमवार

प्रिय राजूताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी चांदपाशा चाचांच्या दुकानात ओवा चाळत होतो. येत्या रविवारी रुद्राणीचं उष्टावण आहे, मामा म्हणून खिरीचा पहिला घास मी भरवायचा, असं तू सांगितलंस. मग म्हणालीस, आईला एवढ्यात नको आणूस, सासूबाईंच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. मी बरं म्हणालो. तुमच्याकडे फोनवरचं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पुढे बोललो नाही. हे पत्र एकटी असताना वाच. माझी शाळा नववीत सुटली तरी शुद्धलेखन तू पक्कं करून घेतलं होतंस. हे मी तिसऱ्यांदा उतरवून काढतो आहे, तरी कुठे चुकलं असेल तर समजून घे.

आई बरी आहे. नांदेडला तुमच्याकडून परत आली त्या दिवसापासून तिने बिब्बे फोडलेले नाहीत. किनवटकडचं एक पोतं घरात होतं, ते तिने चाचांना दुकानात परत पाठवलं. चाचांनी कारण विचारलं तर म्हणाली, आता बसवत न्हाई. रोज सकाळी ती चिंचेचा पाला वाटून हातांना लावते, वाळला की धुते, मग खोबरेल चोळते. नखांतला काळा रंग हळूहळू वर सरकत गेला. आता फक्त डाव्या अंगठ्याच्या कोपऱ्यात थोडा उरला आहे. दारात उजेडाला हात धरून मला विचारते, आता कशी हायत रं? कशासाठी ते ती सांगत नाही. रुद्राणीसाठी तिने दुपटं शिवलं आहे. ते दोनदा धुतलं, आणि घडी घालताना हातांवर टॉवेल घेतला होता.

तुला आठवत असेल, उन्हाळ्यात बाबांच्या टाचा फुटायच्या तेव्हा ती सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि निघालेलं तेल नेमकं भेगेत सोडायची. आजीच्या खोकल्याला एकच थेंब दुधात पाडायची. आपण हात पुढे केला की फटका मिळायचा. म्हणायची, ह्ये औषध बी हाय आन् इख बी हाय, ज्याला जमतं त्यानंच धरावं. चाचा सांगतात, वैद्य त्याला भल्लातक म्हणतात आणि विटकरीच्या भुकटीत घोळून शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. आईकडे विटकर नव्हती, पण नेम होता. हातांना तेल आणि राख लावून लिंबाखाली एकटी बसायची, आणि अंघोळ केल्याशिवाय आपल्याला जवळ घ्यायची नाही. सहावीत तुझं तोंड सुजलं होतं, ते तू तिची टोपली चिवडलीस म्हणून. एवढ्या वर्षांत तिच्या हातून बिब्बा कुणाच्याही अंगावर उतून फोड आलेले मला माहीत नाहीत.

म्हणून तुझ्या बाळंतपणात जे झालं ते मला पटत नव्हतं. तिथे जाऊन आईला पाचच दिवस झाले होते. तुझे ओठ सुजले, आणि तू जिथे मुका घेतलास तिथे रुद्राणीच्या गालावर दोन फोड आले. सासूबाई म्हणाल्या, हे काळे हात बाळाला लावू नका. आईने तेलाची वाटी खाली ठेवली आणि संध्याकाळच्या एसटीने परत आली. घरी आल्यावर मला एवढंच बोलली, पाळण्याला त्यांनीच दृष्टीचा बिब्बा बांधलाय. बिब्बा चालतो त्यांना, फोडणारी चालत न्हाई. आणि थोडं हसली. त्यांच्यावर तिचा राग नाही. शिकलेलं घर हाय, लेकराला जपतात, असंच म्हणते.

ताई, आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तुझ्या डिंकाच्या लाडवांत घालायची गोडंबी, बिब्ब्याच्या आतला गर, आईने फोडून माझ्यापुढे ठेवली होती. माझी नजर आता पुरत न्हाई, उजेडात निवडून घे, कुठं टरफल ऱ्हायलं असंल, असं ती म्हणाली होती. तुला माहीत आहे, मी दुकानात एकेक दाणा फिरवून बघतो. चाचा चिडवतात, अंगद, दाणे निवडतोस का त्यांची हजेरी घेतोस? पण त्या दिवशी मला कामावर जायला उशीर होत होता. आईने विचारलं, बघितली का? मी बघितली म्हणालो. मी बघितली नव्हती. ती परत आल्यावर मी डब्यातली उरलेली गोडंबी दारात पसरली. तीन दाण्यांना काळं टरफल चिकटलेलं होतं. तसंच एखादं तुझ्या लाडवात गेलं, तुझ्या ओठाला लागलं आणि ओठावरून लेकराच्या गालाला. आई मागे उभी होती. तिने ते तीन दाणे उचलले आणि चुलीत टाकले. म्हणाली, कुणाला बोलू नगंस. मी आज हाय उद्या न्हाई, तिला म्हायेर म्हणून तूच ऱ्हाशील, तुझ्यावर नाव नगं. मी गप्प बसलो, सहा महिने. पण पहिला घास माझ्या हातचा आणि घरी राहायचं आईने, हे मला जमणार नाही. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव, त्यांच्या पाया पडून मी स्वतःही सांगेन. नंतर मला बोलावू नका म्हणालात तरी चालेल. त्या घासावर खरा हक्क कुणाचा ते तू ठरव. तू फोनवर काय म्हणालीस आणि मी हे लिहितो आहे, यातलं आईला काही माहीत नाही. ती आत्ता अंगणात बसली आहे, अंगठा उन्हाकडे धरून.

तुझाच धाकटा,
अंगद