अनधिकृत उत्तराबाबत खुलासा

११ जानेवारी १९९९, सोमवार
दूध संघात संगणक विभागप्रमुखाची नवी जागा निघतेय. आपलीच! छगन शिपायाने साहेबांच्या केबिनच्या दाराशी माझं नाव स्वतःच्या कानांनी ऐकलं. बायकोला सांगितलं. तिने लगेच काष्टीला भावाला कळवून टाकलं. संकल्प: रोज अर्धा तास कॉम्प्युटर. आज जमलं नाही.

१३ जानेवारी, दुपारी ३
पुण्याच्या कंपनीने संघाची वेबसाइट केलीय. सव्वीसला संचालकांसमोर मीच उघडणार. आमची ऑपरेटर प्रज्ञा म्हणाली, आधी साइटचा पत्ता सापडतो का ते कॉम्प्युटरला विचारून बघा. विचारलं. पत्त्याच्या डोक्यावर ओळ: नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर. म्हणजे अनधिकृत! संघाबद्दल अनधिकृत उत्तर! बावीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये असला भोंगळ कारभार खपवून घेतला नाही.

१५ जानेवारी
कंपनीला नोटीस: सदर उत्तर कोणाच्या अधिकारात दिले, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. तीन प्रती. प्रज्ञा तोंडाला ओढणी लावून हसली. म्हणे सर, ते अनधिकृत नाही हो, ऐकीव आहे. मधला सर्व्हर कुणाकडून तरी ऐकलेलं सांगतोय. ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्यालाच विचारलं तर ती ओळ येत नाही. तिने तसं विचारून दाखवलं. नाही आली. योगायोग असतो एकेक.
नोटीस पाठवलीच. रजिस्टर एडी.

१९ जानेवारी
मूळ नोंद पुण्यात कशाला? आपल्याच मोठ्या मशीनवर, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरवर, संघाच्या नावाची नोंद उघडली. आता ऑफिसातली सगळी मशीनं आपल्यालाच विचारणार. नाव विचारलं. ती ओळ गायब! अधिकार आला! पत्ताही आला नाही, पण ते किरकोळ. प्रज्ञा म्हणते, नोंदीत वेबसाइटचा पत्ता भरावा लागेल. म्हटलं, आधी अधिकार, मग तपशील.

२५ जानेवारी
पत्ता भरला का, प्रज्ञाने तिसऱ्यांदा विचारलं. पोरगी फार घाबरट. भाषण पाठ करतोय, उद्या सकाळी भरू.

२६ जानेवारी
झेंडावंदन छान झालं.
साइट उघडली नाही. एका संचालकांच्या भाच्याचा मुंबईहून फोन, साइट झकास दिसतेय, म्हशीचा फोटो लई भारी. नेवाशातही दिसते म्हणे. फक्त संघाच्या ऑफिसात दिसत नाही. प्रज्ञाने तपासलं. म्हणाली, आपला सर्व्हर पूर्ण अधिकाराने सांगतोय की अशी वेबसाइट जगातच नाही. 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह' हा शब्द कुठेही आलेला नाही, हे मी साहेबांच्या निदर्शनास आणलं. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. प्रभावित झाले असावेत.
प्रज्ञाने दोन मिनिटांत पत्ता भरला. टाळ्या तिला.

२९ जानेवारी, संध्याकाळी ६
ऑर्डर लागली. संगणक विभागप्रमुख: प्रज्ञा साळवे. मी आवक-जावक.
छगनला जिन्यात गाठला. म्हणतो, साहेबांनी नाव तुमचंच घेतलं व्हतं, आईशप्पथ. पुढचं 'सोडून कुणीबी' तेवढं दारातून ऐकू आलं न्हाई.

संध्याकाळी ७.३०
बायकोला सांगितलं, ही ऑर्डर तात्पुरती आहे, मार्चमध्ये साहेब बदलणार आहेत. ती भाकरी थापत होती. मान वर न करता विचारलं, आसं सायेब सवता म्हनले, का तुमीच म्हनताय?
मीच, म्हटलं. फार लाज वाटली.
तिने भाकरी तव्यावर टाकली. म्हणाली, मग काष्टीला दादाला फोन बी तुमीच करा.