बाररूममधल्या टेबलाची विल्हेवाट

मी, सुमित्रा अण्णाजी साटोणे, वय ६९, व्यवसाय वकिली, राहणार नालवाडी, वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी माझी उलटतपासणी मी जिवंत असतानाच घ्यावी, नंतर मी हजर राहू शकणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची मात्र खूप करून दिली.

१. नालवाडीचे राहते घर आणि पवनारच्या शेतातला माझा हिस्सा माझा पुतण्या धनंजय याला मिळावा. त्याचे सिंदीला बियाण्यांचे दुकान आहे, त्याला माझ्या घराची गरज नाही. पण तो अधूनमधून येऊन न सांगता पंखे पुसून जातो, तेवढे माझे कोणी केलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

२. निवाड्यांचे जुने खंड आमच्या वकील संघाचे सचिव ॲड. विवेक यांनी दोनदा मागितले. त्यांच्या नव्या ऑफिसात पक्षकारांच्या खुर्चीसमोर काचेचे कपाट आहे, तिथे सोनेरी अक्षरे शोभतील. त्यांना एकही खंड देऊ नये. रद्दीवाल्याला द्यावेत, तो निदान उघडून बघतो.

३. जिल्हा न्यायालयाच्या बाररूममध्ये खिडकीजवळ माझे सागवानी टेबल आहे. लाकूड माझे, जागा संघाची. बाहेरच्यांना कळावे म्हणून लिहिते: टेबल नसलेल्या वकिलाला पक्षकार शोधत येत नाही, आणि टेबल सभासदामागे त्याच्या अपत्याला, नाहीतर रक्ताच्या नातेवाइकाला मिळते, अशी आमच्याकडे रीत आहे. ती कुठल्या नियमात लिहिलेली नाही, म्हणून तिला आव्हानही देता येत नाही.

मी स्वतः कित्येक वर्षे व्हरांड्यात उभी राहून वकिली केली. माझे सीनियर प्रभाकरराव निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी कमलाबाई बाररूममध्ये आल्या, टेबलावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुमित्रा माही पोरगी हाय. हे टेबल तिचं." अशी मी बसले.

हे टेबल मला समीक्षाला द्यायचे होते. समीक्षा ही पवनारच्या बसस्टँडवर भाजी विकणाऱ्या तानाबाईंची मुलगी आणि माझी ज्युनियर. साक्षीदाराला न दुखावता त्याच्याकडून खरे काढून घेणारी वकील मी तिच्याइतकी चांगली पाहिलेली नाही. मी रीतसर अर्ज केला. त्यात "अर्जदाराशी नाते" असा रकाना होता. विवेक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पुतणी लिहून द्या ना. कोन पाहून राह्यलं?" जन्मभर पक्षकारांना मी बजावत आले की विचारलेल्यापेक्षा जास्त लिहू नका. पण वकिलांच्याच संघाकडे सही करून खोटे द्यायला माझा हात धजेना. मी लिहिले, "कनिष्ठ सहकारी". अर्ज नामंजूर झाला. तोंडी निरोप आला की धनंजयने सनद घेतली तर विचार करता येईल. धनंजय कापसाचे बियाणे विकतो.

४. या रीतीवर समीक्षाने आणि मी मिळून एक लेख लिहिला होता. आधी मराठीत, मग तिने तो इंग्रजीत केला. कायद्याच्या एका नामांकित नियतकालिकाने विचारले, कोणत्या विद्यापीठाच्या? आम्ही कळवले, कोणत्याच नाही, आम्ही कोर्टात काम करतो. परीक्षकाने शेरा मारला की विषय स्थानिक आणि संदर्भ अपुरे आहेत. यावर आधी कोणी लिहिलेले छापलेच नाही, तर संदर्भ आणू कुठून? नागपूरच्या एका प्राध्यापकांनी मदतीची तयारी दाखवली, अट एवढीच की त्यांचे नाव पहिले असावे. समीक्षाने नमस्कार केला आणि फाईल उचलून आणली. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला. आता वाटते, मी तिला पहिले नाव देऊन टाक म्हणायला हवे होते. लेखाचे हक्क मी कोणालाही देत नाही. ज्याला छापायचा त्याने छापावा. कोणी छापणार नाही.

५. माझा काळा कोट आणि गाऊन समीक्षासाठी ठेवले होते. गेल्या महिन्यात ती घरी आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "मॅडम, आता नाई होत. मायले कधीलोक उन्हात बसवू? नागपूरले विमा कंपनीत लागली मी. सनद थांबवून राह्यली." मी चहा केला. कोट आणि गाऊन माझ्याबरोबर जाळावेत. मला दुःख आहे, आणि ते हलके करायला इथे काही लिहीत नाही.

६. राहता राहिले टेबल. ते मी तानाबाईंना देते. माझ्या मृत्यूनंतर धनंजयने ते टेम्पोत घालून पवनारच्या बसस्टँडवर पोचवावे. लाकडाची पावती कमलाबाईंनी मला दिली होती, ती फाईलमध्ये आहे. विवेक अडवायला आले तर ती दाखवावी. तानाबाईंना मी आधीच विचारले आहे. त्या समीक्षाबरोबर बाररूममध्ये आल्या, टेबलाभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "बाई, लाकूड झ्याक हाय, पन लय उच्च हाय. मी तं खाली बसून इकतो. पाय कापा लागतीन." मी समीक्षाकडे पाहिले. तिने मान खाली घातली. पाय कापण्यास माझी संमती आहे.

साक्षीदार म्हणून सही करायला बाररूममधले कोणी तयार झाले नाही. खालील दोघांनी मला हे लिहिताना पाहिले व माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: हरिदास, कोर्टाच्या फाटकाशी चहाची टपरी (सही)
साक्षीदार २: रुख्माबाई, शेजारी, नालवाडी (सही)

लिहून देणार: सुमित्रा अण्णाजी साटोणे (सही)
ठिकाण: नालवाडी, वर्धा
दिनांक: ११ मार्च २०२५